कोरी किल्ली

१

ही गोष्ट खरी आहे, अगदी शब्द न् शब्द. खोटी निघाली तर मिशी उतरवीन. मला मिशी नाही, ते सोडा, नियत बघा. हे सगळं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. म्हणजे ज्यांनी पाहिलं त्यांनी मला सांगितलं, आणि ते सांगत असताना मी त्यांच्याकडे डोळ्यांनी पाहत होतो. एके ठिकाणी पदरचं मीठ घातलंय, तेही चिमूटभर. कुठे, ते शेवटी कबूल करीन. आधी सांगितलं तर तुम्ही तेवढीच चिमूट वेचत बसाल आणि जेवण राहून जाईल.

तर, एक किल्लीवाला होता. जिन्याखाली त्याचं दुकान. दुकान कसलं, उभं कपाटच. तो आत बसला की गिऱ्हाइकानं बाहेर उभं राहायचं, आणि त्याला शिंक आली तर दोघांनीही मागे सरायचं. भिंतीभर खिळ्यांना कोऱ्या किल्ल्या टांगलेल्या. दात नसलेल्या, गुळगुळीत. वारा आला की त्या एकमेकींवर आपटून किणकिणायच्या, आणि तो म्हणायचा, "बघा, बोळक्या म्हाताऱ्या हसतायत."

किल्ली हरवलेल्या कुलपाला तो नवी किल्ली कशी करायचा, ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. कुलपात कोरी किल्ली घालायची. हलकेच फिरवून बघायची. ती फिरत नाही. पण आतल्या पट्ट्या तिच्या अंगावर बारीक ओरखडे उठवतात. बाहेर काढायची, उजेडात धरायची, ओरखडा दिसेल तिथे कानस मारायची, पुन्हा आत. पुन्हा ओरखडा, पुन्हा कानस. असं करता करता कुलूप एकदाचं हार मानतं.

"आपण काही करत नाही हो," तो म्हणायचा. "कुलूपच सांगतं. आपण फक्त विचारत राहायचं."

परक्याचं दार उघडण्याआधी मात्र त्याचा एक नियम होता. माणसाला विचारायचं, "आत पाऊल टाकलं की डाव्या हाताला काय आहे?" ज्याचं घर, त्याला आठवावं लागत नाही. जो डोकं खाजवू लागला, त्याच्या दाराला हात लावायचा नाही. पेटी उचलायची आणि चालू लागायचं. या नियमावर त्याचा फार भरवसा होता. इतका भरवसा कशावरच ठेवू नये.

२

त्याला एकच मुलगा. घरात, गल्लीत, सगळे त्याला बोका म्हणायचे. पावलांचा आवाज नाही, आणि भूक लागली की बरोबर घरी हजर. बापानं त्याला कानस शिकवायचा पुष्कळ प्रयत्न केला. बोटं सोलून घेण्यापलीकडे काही जमलं नाही. आणि किल्लीवाल्याचा मुलगा असून खिशात किल्ली म्हणून कधी नाही. त्याची किल्ली दाराशेजारच्या खिळ्यालाच.

"अख्ख्या गावाला किल्ल्या दिल्या," बाप म्हणायचा, "आणि घरचं कार्टं दारात उभं."

दार जुनं, जाड, आणि कुलपाचं भोक आरपार. बोका कडी वाजवायचा नाही. भोकाला ओठ लावून फुंकर मारायचा. आत शीळ उमटायची, जाडसर, थोडी ओली, शेवटाला मोडणारी. आई आतूनच म्हणायची, "आला रानटी."

मग बोका जहाजावर कामाला लागला. जहाज परत आलं, तो आला नाही. एका सकाळी त्याचा बिछाना रिकामा होता, एवढंच जहाजवाल्यांनी कळवलं. समुद्रानं नेला म्हणावं तर हाती काही लागलं नाही. पळून गेला म्हणावं तर कशापायी? रडावं तर अपशकुन, न रडावं तर छाती फुटते, अशी त्या दोघांची गत झाली. त्याच्या आईनं इंटरनेटवर फोटोसकट निवेदन टाकलं, खाली घरचा पत्ता आणि दोघांचे ईमेल पत्ते दिले, आणि पुन्हा शिवणाच्या मशीनवर जाऊन बसली. लोकांचे कपडे उसवून पुन्हा मापात बसवून देणं हे तिचं काम.

किल्लीवाला दुपारी दुकान बंद करून घरी जेवायला यायचा. जेवण झालं की तो पुढच्या खोलीत वेताच्या खुर्चीत, ती आतल्या खोलीत मशीनवर. तेव्हा तो फोन उघडून मेल बघायचा. दोन-चार कचेऱ्यांची कामं मेलवरच येत. एके दिवशी कामाच्या मेलांमध्ये एक अनोळखी पत्ता होता. विषयाच्या जागी लिहिलं होतं, "बाबा, उघडा."

आत एकच ओळ. "किल्ली विसरलो." खाली एक चित्र जोडलेलं.

त्यानं फोन पालथा ठेवला. निवेदनात मुलाचं नाव आहे, बापाचा धंदा आहे, असं त्यानं स्वतःला समजावलं. किल्लीवाल्याचा मुलगा किल्ली विसरला, ही थट्टा तर कोणीही करील. जगात हलकट काय कमी आहेत?

मग त्यानं फोन सुलटा केला आणि चित्रावर बोट ठेवलं.

चित्र पांढरं होतं. नुसतं पांढरं. तो बराच वेळ त्या पांढऱ्याकडे बघत बसला. खालच्या कोपऱ्यात कोणाची तरी सावली आहे असं वाटलं. पण ती त्याच्याच अंगठ्याची होती.

३

त्यानं काय करावं? आपला नियमच चालवला. उत्तर लिहिलं, "आत पाऊल टाकलं की डाव्या हाताला काय आहे?"

आतलं मशीन चालत होतं. थांबलं. पुन्हा चालू झालं.

उत्तर आलं, "खुर्ची."

आता खुर्ची कोणाच्या घरात नसते? त्यानं लिहिलं, "कसली खुर्ची?"

"बाबांची."

हे चूक नव्हतं, पण बरोबरही म्हणता येत नव्हतं. दारात उभ्या माणसानं असं उत्तर दिलं असतं तर याची पेटी केव्हाच उचलली गेली असती. पण इथे उचलायला पेटी नव्हती, आणि चालू लागायचं तर कुठे? त्यानं लिहिलं, "वेताची रे. डावा हात मोडका. तूच मोडलास."

पुढे असंच होत गेलं. तो विचारायचा, तिकडून अर्धंमुर्धं यायचं, आणि गिऱ्हाइकाला पाठ दाखवणारा हा माणूस इथे चूक दुरुस्त करून द्यायचा. "दुकानात माझी कानस कशी वाजते?" "खरखर." तो एकटाच हसला. "अरे गाढवा, दोन लांब, एक आखूड. जन्मभर ऐकलीस ना?"

हळूहळू मेल नीट यायला लागले. "खुर्चीचा हात बसवलात का, बाबा?" आपलेच शब्द परत येतायत, हे त्याला कळत होतं. कळूनही ते तो पुन्हा पुन्हा वाचायचा. आणि एका दुपारी आलं, "माझा निळा स्वेटर उंदरांनी खाल्ला का?"

निळ्या स्वेटराचं त्यानं कधीच लिहिलं नव्हतं. अंगावर काटा आला, आणि पाठोपाठ डोळे भरले. बायकोला सांगावं म्हणून उठला, पण अर्ध्यातच बसला. कारण मेलात खाली होतं, "आईला इतक्यात सांगू नका. तिला झेपणार नाही."

ते त्याला पटलं. तिला खरंच झेपलं नसतं. आतलं मशीन थांबलं होतं. ते हल्ली वरचेवर थांबायचं.

त्याच्या दुकानाला लागूनच एका मुलीचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान. जीभ अशी की कात्रीनं लाजावं. ती म्हणाली, "काका, तुमचं बिऱ्हाड हल्ली फोनमध्येच. काकूंना कळलंय का?"

"तसं काही नाही गं. एक गिऱ्हाईक आहे माझं. त्याला अनोळखी मेल येतात."

"गिऱ्हाईक जेवतंय ना वेळेवर? वाळलंय फार."

त्यानं फोन खिशात सारला. मग तिनंही थट्टा आवरली.

"गिऱ्हाइकाला सांगा, अनोळखी मेल उघडायचा नाही. उघडलाच तर जोडलेल्याला हात लावायचा नाही. लावलाच तर निदान उत्तर तरी देऊ नये. उत्तर देणं म्हणजे बंद दारामागून ओरडून सांगणं, घरात मी एकटाच आहे."

"आणि त्याला आपल्या घरातलं ठाऊक असेल तर?"

"तर कोणीतरी सांगितलं असेल."

"कोणीच सांगितलेलं नाही."

"काका, पत्ता पाहिलात? नाव तेच, पण मागची अक्षरं दर वेळी निराळी असतील. असतात की नाही?"

असायची. दोन किल्ल्यांमधला केसाएवढा फरक ओळखणाऱ्या त्या माणसानं ते पहिल्याच दिवशी पाहिलं होतं, आणि नजर दुसरीकडे वळवली होती.

४

एके दिवशी तो दुकानात एका जुन्या कपाटाच्या कुलपाशी झटत होता. कोरी किल्ली आत घातली, फिरवून बघितली, बाहेर काढली, उजेडात धरली. फोन वाजला.

"बाबा, खिळ्यावरच्या किल्लीचा फोटो पाठवा. इथे एक जण करून देतोय. तुम्हांला दार उघडायला उठायला नको."

एका हातात फोन, दुसऱ्या हातात किल्ली. किल्लीच्या अंगावर ताजे ओरखडे. त्यानं ओरखड्यांकडे पाहिलं, मग मेलाकडे, मग पुन्हा ओरखड्यांकडे.

पहिला मेल कसा होता? गुळगुळीत. "बाबा, उघडा." कोणत्याही बापाला लागू पडेल असा. तो आत घातला गेला, हलकेच फिरवला गेला, याच्या अंगावरचं काहीतरी घेऊन परत गेला. तासला गेला. पुन्हा आत. खुर्ची, मोडका हात, कानस. त्याला वाटत होतं प्रश्न आपण विचारतोय. पण सांगत होतं ते कुलूपच.

मग दुसरा विचार आला, आणि तो पहिल्यापेक्षा वाईट होता. खुर्ची आपण सांगितली. स्वेटर कोणी सांगितला? खिळा कोणी सांगितला?

दुकान तसंच उघडं टाकून तो घराकडे निघाला. पळायची सवय नव्हती. चपला हातात घेतल्या.

घरात मशीनचा आवाज नव्हता. दाराशेजारचा खिळा रिकामा. आतल्या खोलीत मशीनवर पांढरं कापड सारखं करून पसरलेलं, त्यावर बोक्याची किल्ली, वर दिवा लावलेला. शेजारी तिचा फोन. तिनं मान वर केली नाही.

"पाठवलास?"

"कोणाला?"

"अगं, फोटो पाठवलास का?"

तिनं किल्ली मुठीत घेतली. मग अगदी हळू विचारलं, "म्हणजे तुम्हांलाही येतात?"

५

मोबाईलवालीला त्यांनी घरी बोलावून घेतलं. दोन्ही फोन शेजारी शेजारी ठेवून ती ते सगळं वाचत होती. ती दोघं तिच्या समोर, तपासून घ्यायला आलेल्या आजाऱ्यांसारखी.

बायकोनं स्वेटर सांगितला होता. खिळा सांगितला होता. तापात बोका काय बडबडायचा, कोणत्या कुशीवर झोपायचा, सगळं. प्रत्येक वेळी पारखायला म्हणून प्रश्न विचारला, आणि प्रत्येक वेळी उत्तर चुकलं म्हणून प्रेमानं दुरुस्त केलं. याचं तिकडे गेलं ते तिच्याकडे खूण म्हणून आलं. तिचं गेलं ते याच्याकडे.

"मला म्हणाला, बाबांना सांगू नकोस, ते अजून रागात आहेत," ती म्हणाली.

"मी? मी कुठे रागात होतो?"

"मला काय ठाऊक? आपण त्याच्याबद्दल बोलतो कुठे?"

मोबाईलवालीनं कधी नव्हे ते तोंड मिटून काम केलं. पासवर्ड बदलले. पांढऱ्या चित्राआडून फोनमध्ये शिरलेलं काहीतरी शोधून काढलं, फोन धुऊन पुसून कोरे केले. "ते चित्र रिकामं नव्हतं, काका. तुम्ही त्याच्याकडे बघत होतात तेव्हा ते तुमच्याकडे बघत होतं. पोलिसांत मी कळवते. आणि दाराचं कुलूप आजच बदला. पत्ता निवेदनात आहेच, आता किल्लीचा फोटोही गेला." दारात थबकून तिनं विचारलं, "अजून काही उरलंय का, जे तुम्ही कोणीच सांगितलं नाही?"

ती गेल्यावर त्यानं बायकोकडे न बघता विचारलं, "शीळ?"

"नाही. तुम्ही?"

"नाही."

खरंच नाही. बोका गेल्यापासून त्या भोकात कोणी फुंकलं नव्हतं, आणि त्याबद्दल घरात कोणी ब्रही काढला नव्हता. काही गोष्टी बोलण्यानं झिजतात, असं दोघांनाही वाटायचं.

संध्याकाळी त्यानं कुलूप उतरवलं, आतल्या पट्ट्या बदलल्या, त्यांच्या मापाच्या नव्या किल्ल्या केल्या. ती उभी राहून बघत होती.

"म्हणजे खिळ्यावरची आता लागणार नाही."

"नाही."

"आणि बोका आला तर?"

त्याची कानस थांबली. "बोक्यानं कधी किल्ली वापरली?" तो म्हणाला.

तिनं बोक्याची किल्ली पुन्हा खिळ्याला अडकवली.

६

दुसरा दिवस. जेवणं झालेली. तो वेताच्या खुर्चीत, आणि ती आज मशीनवर न बसता पुढच्या खोलीतच, भिंतीला टेकून. दोन्ही फोन बंद, फळीवर. बाहेर लख्ख ऊन होतं, आणि कुलपाच्या भोकातून त्याचा एक ठिपका फरशीवर पडला होता. वाटाण्याएवढा.

ठिपका विझला.

पावलं वाजली नव्हती. दाराबाहेरचा लाकडी जिनाही वाजला नव्हता. भोकातून पितळेचं टोक आत आलं. नवंकोरं, पिवळंधमक. किल्ली फिरायला गेली आणि पहिल्याच पट्टीला अडली. जोर नाही, धसमुसळेपणा नाही. जरा मागे, जरा पुढे. मग निघून गेली. ठिपका फरशीवर परत आला.

चोर असेल, असं किल्लीवाल्यानं मनाशी म्हटलं. चोरच. फोटोवरून किल्ली केली, लागली नाही, आता जाईल. भरदिवसा आलाय म्हणजे घर रिकामं समजलाय. ओरडावं. शेजारी गोळा करावेत. हे सगळं त्याला सुचलं, आणि हललं मात्र काहीच नाही.

बाहेर कानस वाजू लागली.

दोन लांब, एक आखूड. दोन लांब, एक आखूड.

क्षणभर त्याला वाटलं, आपलेच हात चाललेत. त्यानं मांडीवर पाहिलं. हात स्वस्थ पडले होते.

"बोक्याला कानस धरता यायची नाही," बायको कुजबुजली. तिचा चेहरा दाराकडे होता. "अहो, ही तुमची कानस आहे."

कानस थांबली. ठिपका विझला. किल्ली पुन्हा आत आली, आणि या वेळी थोडी जास्त फिरली. पहिली पट्टी उचलल्याचा बारीक आवाज झाला. तो आवाज त्याला जन्मभर गोड वाटत आला होता.

दारातल्या माणसाला विचारायचा एक प्रश्न त्याच्याजवळ होता. तो ओठांवर आला आणि तिथेच राहिला. डाव्या हाताला काय आहे, हे बाहेर जे होतं त्याला पाठ झालेलं होतं.

तो उठला. खिशातली नवी किल्ली हातात घेतली. ती आतून भोकात घालून अर्धी फिरवली की बाहेरची शिरणार नाही, एवढं सोपं काम. बाहेरची किल्ली निघून गेली होती. भोक मोकळं होतं. तरी ठिपका परत आला नाही. भोकाच्या पलीकडे काहीतरी टेकलं होतं. पितळ नव्हे, मऊ काहीतरी.

आणि शीळ आली.

जाडसर, थोडी ओली. शेवटाला मोडली.

दोघांनीही ऐकली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. तिनं त्याचं मनगट धरलं होतं, आणि तो हात पुढे न्यायचा विसरला होता. बाहेर कोणी श्वास घेत असावं, पुन्हा फुंकण्यासाठी घेतात तसा. किंवा घेत नसावं.

मनगट सोडून तिनं त्याच्या बोटांतली किल्ली काढून घेतली. दाराशी गेली. वाकली. भोकाजवळ तोंड नेऊन अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाली, "बाळा, किल्ली विसरू नये रे."

आणि तिनंच किल्ली आत घातली, आणि अर्धी फिरवली.

७

मोबाईलवालीला फोन करायलाही त्यांना धीर झाला नाही. संध्याकाळी तीच चौकशीला आली, तेव्हा दार उघडलं गेलं. उंबऱ्याबाहेर पितळेचा भुसा पडला होता, चिमूटभर, सोन्यासारखा. पोलिसांनी तो पुडीत बांधून नेला. पुढे कोणी आलं नाही. मेलही आले नाहीत. किल्लीवाला दुकानात बसतो, बोळक्या म्हाताऱ्या किणकिणतात. पण कानस तो आता निराळी चालवतो. एक लांब, मग थांबतो.

आता माझ्या मिठाचं. भुसा खरा. मेल खरे. बाहेर वाजलेली कानसही खरी, त्याबद्दल दोघांचं एकमत आहे. खोटं एवढंच, की शीळ दोघांनी ऐकली. शीळ एकानंच ऐकली. दुसऱ्याच्या कानांवर काही आलं नाही. त्यानं फक्त समोरच्याचा चेहरा पाहिला, आणि नंतर विचारलं गेलं तेव्हा "हो, मीही ऐकली" असं सांगितलं. कोणी ऐकली आणि कोण नुसतं "हो" म्हणालं, ते दोघांनी मला निरनिराळं गाठून सांगितलंय. एकमेकांना नाही.

इथे लिहिलं तर त्यांना कळेल, असं तुम्ही म्हणाल. नाही कळणार. त्या घरात आता बाहेरून आलेलं काहीच उघडत नाहीत. मी ही गोष्ट पाठवली, तरी ती तशीच पडून राहील.

तरीसुद्धा, कोण ते मी लिहीत नाही.